सेहेचाळीस दाते

चेनमास्तर दुसऱ्याच्या मोटरसायकलकडे ज्या मायेनं बघायचे, त्यातली चिमूटभर माया जरी स्वतःच्या गाडीच्या वाट्याला आली असती, तरी ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक गाडी उभी करून हेल्मेट काढेपर्यंत हे खाली उकिडवे बसलेले असायचे. मागच्या चाकाला जोडलेली दातेरी चकती, म्हणजे स्प्रॉकेट, तिच्यावरून अंगठा फिरवायचा. दाते एका अंगाला कलले असतील, टोकं काट्यासारखी झाली असतील, तर नुसती मान हलवायची. मग चकतीच्या पार मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढायची. चेन वर उचलली जाऊन खालचा दाता अर्धा उघडा पडला, की निकाल लागला. चेन, इंजिनापाशी असतं ते पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट, तिन्ही एकदम बदला, असं सांगून टाकायचे. नुसती चेन बदलून भागवा, असं कुणी म्हटलं तर त्याला गाडीसकट बाहेर काढायचे. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली तर थोड्याच दिवसांत तीही झिजते, हे समजावून सांगायचाही त्यांना कंटाळा येई.

दुसरा त्यांचा हट्ट दात्यांच्या संख्येचा. कॉलेजातली पोरं यायची, मागचं स्प्रॉकेट लहान करून द्या, गाडी पळाली पाहिजे. मालवाहू गाड्यांचे लोक यायचे, मोठं करून द्या, गाडी ओढली पाहिजे. मास्तर दोघांनाही सारखंच हाकलायचे. बनवणाऱ्यानं पुढे चौदा आणि मागे बेचाळीस दाते दिलेत ना, मग तितकेच बसतील. आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं असं वाटत असेल तर स्वतःची गाडी काढा आणि स्वतःच बसवा.

आणि यांची स्वतःची गाडी? गिऱ्हाइकांनी टाकून दिलेली चेन, त्यातल्या त्यात बरी बघून हे आपल्या गाडीला लावायचे. पुढचं स्प्रॉकेट एकाचं, मागचं भलत्याचंच. आपल्याला कुठे शर्यत जिंकायचीय, असं म्हणत हसायचे. घर ते गॅरेज, गॅरेज ते घर, एवढाच तर प्रवास.

पण घर चढावर होतं. गॅरेजपासून सपाट रस्ता, मग दाटीवाटीच्या घरांतून वर जाणारी वाट, आणि वर पोचता पोचता एक अवघड वळण. रस्ता तिथे एकदम अरुंद होऊन छातीवर आल्यासारखा उभा राहायचा. तीन-चार चाकांचं काही तिथून पुढे जातच नसे. नवी गाडी घेतली तेव्हा मास्तर बायकोला मागे बसवून मोठ्या ऐटीत निघाले, आणि त्या वळणावर गाडी धापा टाकून बंद पडली. बायको अंगानं चांगली भरलेली. मास्तर म्हणाले, इंजिन लहान आहे आणि माणूस मोठं आहे. ती म्हणाली, मग इंजिन बदला, माणूस बदलून मिळणार नाही. ते भांडण तिथेच हसण्यावारी गेलं, पण तेव्हापासून शिरस्ता पडला. वळण आलं की गाडी हळू व्हायची, ती न सांगता उतरायची आणि शेजारच्या पायऱ्यांनी चढून जायची. मास्तर रिकामी गाडी वर नेऊन तिची वाट बघत थांबायचे. पुष्कळदा तीच आधी पोचायची आणि कमरेवर हात ठेवून यांची वाट बघत उभी असायची. पुढे गाड्या सुधारल्या, शेजारपाजारचे लोक बायकामुलांना बसवून भुर्रकन वर जाऊ लागले, तरी यांचा वळणावरचा थांबा काही सुटला नाही.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. त्यानंतर दर आठवड्याला खालच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन औषधाची बाटली चढवून घ्यायची होती. जाताना उतार, त्यामुळे ती घरापासून बसायची. दवाखान्यात आधी वजन, मग सुई. वजनकाट्यापाशी आलं की ती मास्तरांना बाहेर पिटाळायची. बायकांचं वजन आणि वय पुरुषांनी बघू नये, जा, गाडीपाशी थांबा, म्हणायची. मास्तर खुशाल बाहेर जाऊन थांबायचे. खरं सांगायचं तर त्यांनाही आतला तो वास आणि ती माणसं बघवत नव्हती.

परत येताना वळण यायचं आणि ती उतरायची. पहिल्या काही खेपांना पायऱ्या चढली. पुढेपुढे मधे दोनदा बसायची, मग चारदा. तिला सारखी थंडी वाजायची म्हणून मास्तरांचे दोन जुने स्वेटर एकावर एक घालायची, वरून शाल. लांबून बघितलं तर पूर्वीसारखीच धष्टपुष्ट दिसायची. गेल्या खेपेला मात्र पहिल्याच पायरीवर बसली ती उठेना. मास्तरांनी गाडी तिच्यापाशी आणली. म्हणाले, बस मागे, बघू काय होतं ते. पहिला गिअर टाकला, वळणावर गाडी घातली, आणि निम्म्या चढावर कडाड आवाज होऊन चेननं दाते सोडले. गाडी मागे घसरली आणि आडवी झाली. मास्तरांचा पाय गाडीखाली अडकला. रस्त्यावरच्या दोघांनी आधी तिला उचलली आणि तशीच घरापर्यंत नेऊन पोचवली. मास्तर नंतर लंगडत वर गेले. शेजारीण तिच्या खरचटलेल्या कोपराला औषध लावत होती.

 दोन दिवसांनी, भाजी निवडता निवडता, बायको शांतपणे म्हणाली, "आता मी जाणार नाही."

मास्तरांना आधी कळलंच नाही. कुठे, असं विचारून बसले.

"खाली. दवाखान्यात. मला त्या वळणावर परत तुमच्या मागे बसायचं नाही, आणि पायऱ्या माझ्यानं होत नाहीत."

मास्तरांनी नाना परीनं सांगून बघितलं. अजून चारच बाटल्या राहिल्यात. मध्येच सोडलं तर आजवर केलेलं सगळं वाया जाईल, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. शेजारची मुलं खुर्चीत बसवून वर आणतील, असंही सुचवून पाहिलं. ती म्हणाली, मला उचलून न्यायचं ते एकदाच न्या, तेव्हा मला कळणारही नाही. मास्तर तिथून उठले आणि मोरीत जाऊन उगाचच हात धूत राहिले.

आता या माणसाला काय वाटत होतं ते सरळच सांगतो. त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा शरम. जन्मभर लोकांना ज्या चेनवरून शिव्या घातल्या, तसल्या चेनवर आपण आजारी बायकोला बसवलं. आणि आता तीच चेन तिच्या औषधाच्या आड आली होती. ती मेली तर गाठीनं मरेल की माझ्या भिकार चेननं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. जेवताना, पाना फिरवताना, गिऱ्हाइकाशी बोलताना तो आत कुरतडत होता.

शेवटी त्यांनी एकच ठरवलं. गाडी अशी करायची की त्या वळणावर ती दोघांना घेऊन चढलीच पाहिजे. बायकोपुढे बोलण्यात काही अर्थ नव्हता. तिला गाडी चढवूनच दाखवायला हवी होती.

स्पेअर पार्टचं दुकान एका बाई चालवायच्या. सगळे त्यांना मावशी म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. मास्तरांनी त्यांच्याकडे नवी चेन मागितली, पुढचं तेरा दात्यांचं आणि मागचं सेहेचाळीस दात्यांचं स्प्रॉकेट मागितलं. मावशींनी चष्मा वर केला.

"तेरा आणि सेहेचाळीस? मास्तर, हे तुम्ही मागताय?"

मास्तरांनी हिशेब सांगितला. पुढचं लहान केलं की गाडीला जोर येतो. पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागचे तीन वाढवल्यासारखं. पण तेराच्या खाली गेलं तर चेनला फार आवळून वळावं लागतं आणि ती लवकर मरते, म्हणून तेरावर थांबायचं आणि उरलेला जोर मागून काढायचा. मागे सेहेचाळीसपेक्षा मोठी चकती त्यांच्या गाडीच्या चेनकव्हरमध्ये मावत नव्हती. गाडी सपाटीवर रडतखडत पळेल, इंजिन बोंब मारेल, पेट्रोल जास्त खाईल. खाऊ दे. वळण चढली की झालं.

"वहिनींना घेऊन चढायचंय होय," मावशी म्हणाल्या. "कशा आहेत?"

"आहे तशीच आहे," मास्तर म्हणाले. "दणकट बाई आहे ती."

दवाखान्याच्या आदल्या दिवशी दुपारीच त्यांनी गॅरेजचं अर्धं शटर खाली ओढलं. जुनी चेन काढली. मोकळी झाल्यावर ती हातात मेलेल्या सापासारखी लोंबायला लागली, इतकी सैल झाली होती. दोन्ही स्प्रॉकेट काढली, नवी बसवली, मागचा आस खाचेत पार पुढे सरकवला. मग नवी चेन बाकावर जुन्या चेनशेजारी आडवी टाकली, जुनीच्या कड्या मोजल्या, नवीच्या तितक्याच मोजल्या, जास्तीच्या कडीच्या पिनचं डोकं घासलं, ठोकून पिन बाहेर काढली आणि तुकडा बाजूला फेकला. आयुष्यभर असंच करत आले होते. कुणाच्याही गाडीचे दाते कधी बदलूच दिले नाहीत, तर कड्यांची संख्या बदलणार कुठून? हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

चेन दोन्ही चकत्यांवर घातली, टोकं जवळ आणली आणि मास्तर तसेच बसून राहिले. दोन टोकांत दोन बोटांचं अंतर होतं.

चकती मोठी झाली की तिला वळसा घालायला चेन जास्त लागते, हे कालच्या पोरालाही कळतं. म्हणून तर नवी चेन जास्त कड्यांची येते. आधी ती दोन्ही चकत्यांवर घालून बघायची, आस मध्ये ठेवायचा, टोकं कुठे जुळतात त्यावर खूण करायची आणि मगच कापायची. आणि कड्या जोडीनंच कमीजास्त करायच्या, एक आतली, एक बाहेरची. मास्तरांची नेमकी एक जोडी कमी पडली होती. त्यांनी कपाळावर हात मारला नाही, शिवी दिली नाही. चेन मांडीवर घेऊन, अर्ध्या शटरच्या अंधारात, तो इतक्या वर्षांचा कसलेला माणूस ढसाढसा रडला. बाहेर कुणीतरी हवा भरायला आलं, वाकून आत बघितलं आणि न बोलता निघून गेलं.

रडून झाल्यावर त्यांनी तो फेकलेला तुकडा शोधून आणला. त्यातली एक आतली कडी सोडवून घेता येणार होती. पण ती जोडायला आणखी एक लॉक हवं, म्हणजे चेनची दोन टोकं सांधणारी, वरून पत्र्याची क्लिप लागणारी कडी. चेनबरोबर एकच लॉक येतं, आणि ते तर लागणारच होतं. एका चेनला दोन लॉक? मास्तरांनी एकदा याच कारणासाठी दुसऱ्या मेकॅनिकला भर रस्त्यात झाडला होता. पण दुसरी चेन मावशींकडे नव्हती, ती दोन दिवसांनी येणार होती. आणि दवाखाना उद्या होता.

ते परत मावशींकडे गेले, ती वाट त्यांना त्या दिवशी फार लांब वाटली. त्यांचा चेहरा बघून मावशींनी चौकशी केली नाही, चेष्टाही केली नाही. खोक्यातून त्याच मापाची दोन लॉक काढून हातावर ठेवली. एक बसवा आणि एक खिशात ठेवा, एवढंच म्हणाल्या.

मास्तरांनी चेन जोडली. दोन्ही क्लिपांची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला आहे ना, हे परत परत बघितलं. खालच्या बाजूला बोटानं दाबून ढील बघितली, चाक सरळ आहे का ते दोरी लावून बघितलं. सगळं जिथल्या तिथे होतं. तरीसुद्धा त्यांचा जीव मानेना. त्या दोन क्लिपांच्या भरवशावर तिला बसवायचं, आणि परत कडाड झालं तर? पुन्हा ती कधीच बसणार नाही. कदाचित बसण्याच्या स्थितीतही राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते अंगणात उतरले. शेजारी बांधकामासाठी वाळूचा ढीग पडला होता. एका पोत्यात त्यांनी वाळू भरायला घेतली. बायकोचं वजन किती, हे त्यांना आकड्यात माहीत नव्हतं, पण हातांना माहीत होतं. काही वर्षांपूर्वी धाकट्या मेव्हण्याच्या घरी लिफ्ट बंद पडली तेव्हा तिचा पाय मुरगळलेला म्हणून त्यांनी तिला दोन मजले उचलून नेलं होतं, वर पोचल्यावर अर्धा तास बोलता येत नव्हतं. पोतं उचलून बघायचे, नाही, अजून थोडी. पुन्हा उचलायचे, अजून दोन घमेली. उचलताना कंबर जशी त्या दिवशी कुरकुरली होती तशी कुरकुरली, तेव्हा तोंड बांधलं. पोतं मागच्या सीटवर ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून आवळलं आणि उतारानं वळणाच्या खाली गेले.

गाडी पहिल्या गिअरमध्ये वळणावर घातली. इंजिन ओरडायला लागलं. निम्म्या चढावर असं वाटलं, की आता थांबते. पुढचं चाक हलकं झालं, हँडल थरथरलं. मास्तर टाकीवर ओणवे झाले आणि दात ओठ खात म्हणाले, चल, चल गं बाई. गाडी रांगत, कण्हत, पण वर आली. चेन दात्यांवरून हलली नाही. खाली जाऊन पुन्हा चढवली. पुन्हा आली. तिसऱ्यांदाही आली. तेव्हा त्यांनी पोतं सोडलं, घरात गेले आणि आंघोळ न करताच तिच्यासमोर उभे राहिले.

"चल," म्हणाले. "आज वळणावर उतरायचं नाही. मी बघितलंय."

तिनं त्यांच्या ग्रीसनं माखलेल्या हातांकडे बघितलं, वाळूनं भरलेल्या चपलांकडे बघितलं. मास्तरांना वाटलं आता नाही म्हणणार. पण ती उठली, दुसरा स्वेटर चढवला आणि शाल शोधायला लागली.

जाताना उतार होता. उतारावर गाडीला ओझं कळत नाही, आणि सपाटीवर मास्तरांचे कान त्या दोन क्लिपांकडे लागलेले. दवाखान्यात नेहमीसारखं तिनं त्यांना वजनकाट्यापासून बाहेर काढलं. ते गाडीपाशी बसून चेन बघत राहिले.

परत यायला दुपार झाली. बाटली चढवल्यावर ती नेहमी गप्प असायची, तशीच होती. वळण दिसायला लागलं. सकाळी जसं केलं होतं तसंच सगळं करायचं. पहिला गिअर. शरीर पुढे. पूर्ण रेस.

गाडी सुसाट सुटली. पुढचं चाक उचललं गेलं आणि आपटलं. इंजिन इतकं किंचाळायला लागलं की मास्तरांनी आपसूक दुसरा गिअर टाकला, आणि दुसऱ्या गिअरमध्येही ती वळण असं चढली जसं काही तिथे चढ नव्हताच. मास्तरांना एकच वाटलं. बायको पडली. मागे कुणीच नाही.

त्यांनी जीव मुठीत धरून एक हात मागे नेला. हाताला लोकर लागली, आणि लोकरीच्या आत खूप खोलवर कुठेतरी तिचा गुडघा.

"आहेस ना गं?"

"आहे ना. कुठे जाणार."

वर पोचल्यावर मास्तरांनी गाडी थांबवली. ज्या जागी इतकी वर्षं तिची वाट बघत थांबायचे, तिथेच. इंजिन चालू होतं. मागे वळायची त्यांची हिंमत होईना. सकाळी उचललेलं पोतं त्यांच्या कमरेत अजून दुखत होतं. मग त्यांना दुसरंही कळलं. त्या दिवशी चेननं दाते सोडले ते ओझ्यानं नाहीच, झिजल्यामुळे. साधी नवी चेन असती, बनवणाऱ्यानं दिलेले चौदा आणि बेचाळीसच दाते असते, तरी ती केव्हाची बसून वर आली असती. त्या पायऱ्या तिनं इतक्या वेळा उगाच चढल्या.

"सकाळी खिडकीतून बघितलं मी तुम्हाला, त्या पोत्याबरोबर," ती मागून म्हणाली. "एवढी मी राहिले नाही हो. म्हणून तर वजनाच्या वेळी बाहेर काढत होते."

 तिनं कपाळ त्यांच्या पाठीला टेकवलं. ते टेकलेलंही त्यांना जेमतेम कळलं.

"पुढच्या आठवड्यात येते मी," ती म्हणाली. "गाडी चांगली केलीत. आता घरी चला, थंडी वाजतेय."

तिथून घरापर्यंतचा रस्ता सपाट होता. मास्तरांनी तो पहिल्या गिअरमध्ये, एक हात मागे तिच्या गुडघ्यावर ठेवून काढला.